टोकियोच्या गल्लीत सापडला आमचा टीव्ही गेम

नव्वदच्या दशकात ज्या खेळण्याची नक्कल आपल्या घरोघरी आली, ते मूळ यंत्र टोकियोच्या अकिहाबारा बाजारात आजही विकले जाते, दुरुस्त होते आणि खेळलेही जाते. या बाजाराचा हा फेरफटका.

टोकियोला जायचे ठरले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापली यादी दिली. आईला पर्समध्ये मावणारी छत्री हवी होती, वहिनीला चहाचे कप. दादाने मात्र पुण्याहून फोन करून एवढेच सांगितले, ‘‘अकिहाबाराला जा आणि आपला टीव्ही गेम मिळतो का बघ.’’

आपला टीव्ही गेम म्हणजे १९९८च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी नाशिकच्या मेन रोडवरून आणलेला लाल-पांढरा डबा. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि दादा बारा. डब्याला दोन रिमोट होते आणि वरच्या खाचेत पिवळ्या रंगाची एक कॅसेट बसायची. कॅसेटवर ‘९९,९९,९९९ इन १’ असे छापलेले असायचे. प्रत्यक्षात तेच दहा-बारा खेळ नावे बदलून पुन:पुन्हा येत. पण तेवढ्यावरही आमची सुट्टी सरली.

तक्रार होती ती माझी. पहिला रिमोट कायम दादाकडे. दुसरा माझ्याकडे. खेळ सुरू करण्याचे ‘स्टार्ट’ आणि निवडण्याचे ‘सिलेक्ट’ ही दोन्ही बटणे फक्त पहिल्या रिमोटवर होती. त्यामुळे कोणता खेळ, केव्हा सुरू, केव्हा बंद, हे सगळे दादा ठरवणार. आमचा आवडता खेळ बर्फाचा डोंगर चढण्याचा होता. हातोड्याने डोक्यावरचा बर्फ फोडत दोघांनी वर चढायचे. दादा भराभर चढायचा, पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि मागे राहिलेली मी पडद्याच्या खालून गायब व्हायचे. ‘‘थांब ना, दादा!’’ हे वाक्य मी त्या सुट्टीत किती वेळा ओरडले असेन, याची गणती नाही.

पुढे २००६मध्ये घर बदलताना तो डबा भंगारवाल्याकडे गेला. कोणालाच त्याचे काही वाटले नाही. वाटू लागले ते बऱ्याच वर्षांनी.

मोकळ्या माळापासून बाजारापर्यंत

नोव्हेंबर २०२५मधल्या एका रविवारी दुपारी मी अकिहाबारा स्टेशनवर उतरले. ‘इलेक्ट्रिक टाउन’ अशी पाटी असलेल्या दाराने बाहेर पडले की समोरच उंच इमारतींवर चित्रपटातल्यासारखी रंगीत कार्टून चित्रे दिसू लागतात. रविवारी दुपारी चुओ-दोरी हा मुख्य रस्ता वाहनांसाठी बंद असतो. त्यामुळे रस्त्याच्या मधोमध आईवडील, मुले, आजीआजोबा निवांत चालत होते.

या गजबजाटाचे मूळ एका आगीत आहे, हे सांगून खरे वाटणार नाही. १८६९मध्ये येथे मोठी आग लागली आणि घरे जळून गेली. ती जागा मोकळी ठेवून पुढच्या वर्षी तेथे आगीपासून रक्षण करणाऱ्या देवाचे एक देवस्थान उभारले गेले. लोक त्या देवाला ‘अकिबा’ समजू लागले आणि माळाचे नाव अकिहाबारा पडले. १८९०मध्ये येथे रेल्वेची मालधक्क्याची सोय झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जवळच्या भागात रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या पथाऱ्या पसरल्या. १९४९मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा हे विक्रेते रेल्वेच्या पुलाखाली गेले. त्यातूनच उभे राहिलेले ‘रेडिओ सेंटर’ आजही तेथे आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागेल, एवढ्या अरुंद बोळांत हातभर रुंदीची दुकाने. कोणाकडे फक्त वायर, कोणाकडे फक्त स्विच, कोणाकडे मीटर. पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही. फरक एवढाच, की येथे प्रत्येक स्क्रू आपल्या खणात आणि प्रत्येक खणावर चिठ्ठी.

रेडिओनंतर या बाजाराने टीव्ही, फ्रिज, धुलाई यंत्रे विकली, मग संगणक, मग व्हिडिओ गेम. आता कार्टून आणि बाहुल्यांची दुकाने जास्त झाली आहेत. मोठमोठी खेळघरेही बदलत चालली आहेत. सेगा कंपनीचे नाव मिरवणारी येथील एक प्रसिद्ध इमारत ३० ऑगस्ट २०२० रोजी बंद झाली. पण जुन्या यंत्रांची दुकाने अजून टिकून आहेत आणि त्यांत गर्दीही असते.

काचेतले आणि टोपलीतले

मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत ‘सुपर पोटॅटो’ हे नावाजलेले दुकान आहे. अरुंद इमारतीचे तिसरा, चौथा आणि पाचवा असे तीन मजले त्याच्याकडे आहेत. वर पोचता पोचताच जुन्या खेळांचे पिंपिं आवाज कानावर येतात. मजल्यांवर जमिनीपासून छतापर्यंत कॅसेट, यंत्रे आणि खोकी. सर्वात वरच्या मजल्यावर १०० येनचे नाणे टाकून खेळण्याची जुनी यंत्रे आहेत आणि जपानी मुले पूर्वी खाऊच्या पैशांत घेत, तसल्या स्वस्त गोळ्या-बिस्किटांचा खाऊही मिळतो. माझ्या शेजारी टाय लावलेले एक गृहस्थ तोंडात गोळी धरून यंत्राशी झुंजत होते. वय पन्नाशीच्या पुढचे असावे.

आणि तेथेच तो दिसला. लाल-पांढरा डबा, दोन रिमोट, वर कॅसेटची खाच. अगदी आमचा! फक्त हा खरा होता.

त्याचे नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’, लाडाने ‘फॅमिकॉम’. क्योटो शहरातल्या निन्टेंडो कंपनीने तो १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणला. किंमत होती १४,८०० येन. अभियंते मासायुकी उएमुरा यांच्या चमूने तो घडवला. आतल्या स्मृतीची क्षमता अवघी २ किलोबाइट. आज मोबाइलवर आपण ‘शुभ सकाळ’चे जे चित्र पाठवतो, ते सहसा यापेक्षा कित्येक पटींनी मोठे असते. त्यासाठी १९८५मध्ये आलेला ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटांत मावला होता.

परदेशांत गेलेल्या आवृत्तीसह या यंत्राचे ६ कोटी १९ लाखांहून अधिक नग विकले गेले. भारतात वेगवेगळ्या नावांनी मिळणारे टीव्ही गेम बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या. अमेरिकेत निन्टेंडोने यंत्राचे रूप बदलून ७२ पिनांची खाच दिली. आपल्याकडे आली ती मात्र जपानी पद्धतीची ६० पिनांची. शब्दही तोच आला. जपानी माणूसही त्याला ‘कासेत्तो’ म्हणतो. आपण नाशकात बसून ‘कॅसेट’ म्हणत होतो, तेव्हा नकळत जपानी मुलांचाच शब्द वापरत होतो.

दुकानांत मालाची प्रतवारी काटेकोर असते. खोके आणि माहितीपुस्तिका यांच्यासह असलेला माल सर्वात महाग, तो काचेच्या कपाटात. नुसती यंत्रे त्याहून स्वस्त. चालवून पाहिलेल्या मालावर तशी चिठ्ठी. आणि सर्वात शेवटी ‘जंक’ लिहिलेली टोपली, म्हणजे चालेल की नाही याची हमी नाही, परतही घेणार नाही. काही काचेतल्या खोक्यांचे आवरण अजून फाडलेलेही नव्हते. ती कॅसेट चाळीस वर्षांत एकदाही कोणी खेळलेले नाही! संग्राहकांना तीच सर्वात प्रिय. मला मात्र त्या खोक्याकडे पाहून माळ्यावर जपून ठेवलेला आणि कधीच न वापरलेला स्टीलचा डबा आठवला.

दुरुस्तीच्या टेबलावर

मी माझा डबा घेतला तो दुसऱ्याच एका छोट्या दुकानात. सत्तरीकडे झुकलेले दुकानदार दारातच टेबल टाकून बसले होते. हातात स्क्रूड्रायव्हर, समोर उघडलेले यंत्र. मोबाइलवरच्या भाषांतराच्या सोयीने आमचे बोलणे झाले. मला भारतात न्यायचे आहे असे सांगताच त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले.

पहिली अडचण त्यांनीच सांगितली. मूळ फॅमिकॉम अँटेनाच्या वायरीने टीव्हीला जोडावा लागतो आणि तो जपानी १ किंवा २ क्रमांकाच्या चॅनेलवर दिसतो. ती चॅनेले आपल्या टीव्हीच्या पट्ट्यात बसत नाहीत. म्हणून आतून बदल करून पिवळ्या-पांढऱ्या पिनांची एव्ही वायर काढलेले यंत्र घ्यावे, नाहीतर १९९३मध्ये आलेली सुधारित आवृत्ती घ्यावी. तिला ही सोय मुळातच आहे. दुसरी अडचण विजेची. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. तिकडचा अडॅप्टर इकडच्या प्लगमध्ये थेट लावला तर जळणारच.

मग त्यांनी बदल केलेले एक यंत्र उलटे करून उघडून दाखवले. मला वाटले होते, आत काहीतरी अगम्य असेल. आत तर एक हिरवी पाटी आणि तिच्यावर रांगेने बसवलेल्या काळ्या चिप. प्रत्येक चिप वेगळी, प्रत्येकीचे पाय दिसणारे. बिघाड कोठे आहे ते शोधावे, तेवढाच भाग काढावा, नवा डाखावा.

‘‘भारतातला असा नव्हता ना?’’ त्यांनी विचारले. नव्हता. आमचा टीव्ही गेम बंद पडला होता तेव्हा नाशकातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी तो उघडला होता. आत पाटीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका होता. सगळे यंत्र त्या ठिपक्याखाली गाडलेले. काकांनी वायरीचे दोन सांधे जोडून दिले आणि म्हणाले होते, ‘‘पुढच्या वेळी हा गेला तर गेला. याच्यात हात घालायला जागाच नाही.’’

स्वस्तातली नक्कल आणि मूळ वस्तू यांतला खरा फरक मला टोकियोतल्या त्या टेबलावर कळला. खेळताना दोन्ही सारखेच. पण एकाच्या आयुष्याची दोरी त्या ठिपक्याला बांधलेली, दुसऱ्याची दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला.

तो हातही आता सहज मिळत नाही. निन्टेंडोने फॅमिकॉमचे उत्पादन २००३मध्ये थांबवले. सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून ३१ ऑक्टोबर २००७ रोजी जपानमधली दुरुस्तीही बंद केली. म्हणजे आज जे फॅमिकॉम चालू आहेत, ते अशा छोट्या दुकानदारांमुळे आणि घरी डाखकाम शिकलेल्या हौशी मंडळींमुळे.

त्यांच्याकडून समजलेल्या देखभालीच्या गोष्टी कोणाच्या माळ्यावर जुना गेम असेल तर उपयोगी पडतील.

कॅसेट लागली नाही की आपण तिच्यात फुंकर मारायचो. जपानी मुलेही हेच करत. आजोबांनी हे ऐकताच जोरजोरात हात हलवला. फुंकरीबरोबर तोंडातली वाफ जाते आणि तांब्याच्या पट्ट्या हळूहळू गंजतात. खेळ सुरू होतो तो फुंकरीमुळे नव्हे, कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. पट्ट्या पुसायच्या असतील तर कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावावी.

ज्या कॅसेटमध्ये खेळ अर्धवट साठवून ठेवता येतो, तिच्यात नाण्यासारखी एक बॅटरी असते. १९८८चा ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ हा अशांपैकी एक. वर्षे गेली की ती बॅटरी संपते. नवी डाखता येते, पण जुनी काढताच साठवलेला खेळ पुसला जातो. कोणीतरी लहानपणी अर्ध्यावर सोडलेला प्रवास त्या क्षणी कायमचा संपतो. आजोबा म्हणाले, काही गिऱ्हाइके हे कळल्यावर कॅसेट तशीच परत घेऊन जातात.

जुनी खेळाची डिस्क चालवणाऱ्या यंत्रातला रबरी पट्टा वितळून चिकट होतो. १९९०च्या सुमारास आलेल्या सेगाच्या ‘गेम गियर’ या हातातल्या यंत्राचे कपॅसिटर गळतात, मग आवाज जातो, पडदा अंधुक होतो. पांढरे प्लॅस्टिक उन्हाने आणि वयाने पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते उजळता येते, पण चुकले तर ठिपके उमटतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्र अधूनमधून चालवत राहावे. बंद कपाटात ठेवलेले यंत्र सुरक्षित असते असे नाही.

दुसऱ्या रिमोटचे रहस्य

यंत्र पुन्हा बंद करून आजोबांनी ते दुकानातल्या टीव्हीला जोडले आणि दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. मी हसले. म्हटले, येथेही दुसराच! त्यावर ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ नव्हते. म्हणजे तो अन्याय नाशकातल्या नकलेचा नव्हता, मुळातूनच आलेला होता.

पण ज्या जागी ती बटणे हवी होती, तेथे छोटी जाळी आणि आवाज कमीजास्त करण्याची सरकपट्टी होती. आजोबांनी माझ्या हातातला रिमोट तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, ‘‘आ... आ...’’ टीव्हीतून त्यांचाच आवाज आला. मी चकित झाले. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला चक्क मायक्रोफोन आहे! काही खेळांत त्याचा उपयोगही होता. १९८६च्या ‘द लीजेंड ऑफ झेल्डा’मध्ये ससाकानाचे काही राक्षस दुसऱ्या रिमोटमध्ये ओरडले की मरत. आमच्या नकलेत हा मायक्रोफोन नव्हता. खर्च वाचवायला गाळला असणार.

आणखी एक गोष्ट. फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट यंत्रालाच आतून कायमचे जोडलेले असतात. काढून ठेवता येत नाहीत. खेळून झाले की यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत ते उभे बसतात.

मग कॅसेटची टोपली पुढे आली. बर्फाचा डोंगर चढण्याच्या खेळाचे खरे नाव ‘आइस क्लाइंबर’, साल १९८५. त्यातला निळ्या कपड्यातला मुलगा पोपो आणि गुलाबी कपड्यातली मुलगी नाना. डोंगराच्या टोकाजवळ वांगी, गाजरे अशा भाज्या गोळा करायच्या असतात. भाज्यांसाठी कोणी हिमालय चढेल का, असे आई त्या वेळी विचारायची.

टोपलीत या खेळाच्या तीन कॅसेट होत्या. एकीच्या मागे काळ्या शाईने काहीतरी लिहिलेले होते आणि तीच सर्वात स्वस्त होती, ७०० येन. आजोबांनी वाचून दाखवले. मुलीचे नाव होते. खाली लिहिले होते, इयत्ता चौथी, दुसरी तुकडी. जपानी मुले शेजारीपाजारी कॅसेट उसनी देत, ती परत यावी म्हणून मागे नाव लिहून ठेवत. लिहिलेल्या कॅसेटची किंमत बाजारात घसरते. पण जपानमध्ये अशाच नावांच्या कॅसेट जमवून त्या मूळ मालकांना परत देण्याचा एक उपक्रमही चालतो, असे मी नंतर वाचले.

चौथीतल्या मुलीची स्वतःची कॅसेट! नाव लिहिण्याइतकी स्वतःची! मी तीच घेतली. यंत्राला ९,८०० येन पडले. त्या वेळच्या दराने दोन्ही मिळून सुमारे सहा हजार रुपये झाले. आजोबांनी यंत्र फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि दुकानाबाहेर येऊन वाकून निरोप दिला.

जेथे दुरुस्ती होत असे

टोकियोहून क्योटो बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांवर आहे. हे यंत्र जेथे जन्मले ते गाव पाहावे म्हणून मी तिकडेही गेले. निन्टेंडोची सुरुवात १८८९मध्ये क्योटोतच झाली, तीही फुलांची चित्रे असलेले ‘हानाफुदा’ पत्ते बनवण्यापासून. क्योटो स्टेशनवरून किंतेत्सु मार्गाची गाडी पकडली की अर्ध्या तासाच्या आत ओगुरा हे छोटे स्टेशन येते. तेथून पाच मिनिटे चालले की निन्टेंडो म्युझियम. २ ऑक्टोबर २०२४ रोजी ते खुले झाले.

ही इमारत आधी कंपनीचा कारखाना होती. १९६९मध्ये बांधलेल्या या कारखान्यात पत्ते तयार होत आणि ग्राहकांकडून आलेल्या वस्तूंची दुरुस्तीही होत असे. आज वरच्या मजल्यावर काचेमागे सगळी यंत्रे ओळीने मांडली आहेत. तेथे फोटो काढू देत नाहीत. फॅमिकॉम तर असा चकचकीत, की काल कारखान्यातून निघाला असावा. पाहून आनंद वाटला, पण मन टोकियोतल्या त्या टेबलाकडेच जात होते. जेथे दुरुस्ती होत असे तेथे प्रदर्शन आहे आणि दुरुस्ती गेली आहे गल्लीतल्या म्हाताऱ्या हातांत.

खालच्या मजल्यावर मात्र सगळे खेळायचे आहे. तेथे एवढे प्रचंड रिमोट ठेवले आहेत, की ते एकट्याने चालवताच येत नाहीत. एकाने दिशा सांभाळायची, दुसऱ्याने उड्या. मी एकटीच होते. मागे उभ्या असलेल्या एका आजींनी नातवाला बाजूला सारले आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. आम्ही दुसऱ्याच खड्ड्यात पडलो आणि दोघी पोट धरून हसलो.

पुण्यात

डिसेंबरमध्ये मी यंत्र घेऊन पुण्याला गेले. दादाने तपकीर गल्लीतून २३० व्होल्टचे १०० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आधीच आणून ठेवला होता. टीव्हीच्या मागे एव्हीची जागा शोधण्यात अर्धा तास गेला. दहा वर्षांची भाची डब्याभोवती फिरत विचारत होती, ‘‘बाबा, हा डाऊनलोड कुठे होतो?’’

कॅसेट बसवली. पहिल्यांदा पडदा करडाच राहिला. दादाने सवयीने कॅसेट काढून फुंकर मारायला तोंडाजवळ नेली. मी तिथेच त्याचा हात धरला. कापसाची काडी, अल्कोहोल, पाच मिनिटे वाट. मग बर्फाचा डोंगर उभा राहिला.

पहिला रिमोट मी उचलला. दादाने काही न बोलता दुसरा घेतला. सत्तावीस वर्षांत माझा हात फार सुधारला होता असे नाही, पण दादाचा पार बिघडला होता. मी तिसऱ्या थरावर पोचले, चौथ्यावर पोचले, पडदा वर सरकला आणि दादा खालून नाहीसा झाला.

‘‘अगं, थांब ना जरा!’’ तो म्हणाला.

भाचीने त्याच्या हातातला रिमोट ओढून जाळीशी तोंड नेले. ‘‘आत्या, थांब!’’ टीव्हीतून एवढा मोठा आवाज आला, की स्वयंपाकघरातून आई आणि वहिनी दोघी बाहेर आल्या. मी ‘स्टार्ट’ दाबून खेळ थांबवला. मग आईने विचारले, ‘‘यात मला येईल असे काही आहे का?’’

त्या रात्री जेवण साडेदहाला झाले.

जाणाऱ्यांसाठी

अकिहाबाराला टोकियोच्या जेआर यामानोते, केइहिन-तोहोकु आणि सोबु या मार्गांनी किंवा मेट्रोच्या हिबिया मार्गाने पोचता येते. दुकाने सकाळी उशिरा उघडतात, म्हणून दुपारी जाणे चांगले. मुलांना घेऊन जायचे असेल तर रविवारची दुपार निवडा. याच प्रकारच्या वस्तूंसाठी चुओ मार्गावरील नाकानो स्टेशनजवळचे ‘नाकानो ब्रॉडवे’ हे जुने व्यापारी संकुलही पाहण्यासारखे आहे.

खरेदी करताना ‘चालवून पाहिले आहे’ अशी चिठ्ठी असलेलाच माल घ्या आणि शक्य असेल तर दुकानातच लावून पाहा. दुसऱ्या रिमोटचा मायक्रोफोनही तपासा. ‘जंक’ टोपलीतला माल स्वस्त दिसतो, पण डाखकाम येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. पासपोर्ट जवळ ठेवा, परदेशी प्रवाशांना करसवलत कशी मिळते ते दुकानात विचारून घ्या. यंत्र सामानात टाकण्याऐवजी हातातल्या पिशवीत ठेवणे बरे.

ओगुराच्या म्युझियमचे तिकीट दारात मिळत नाही. ते आधी अर्ज करून सोडतीने मिळते, म्हणून जपानच्या विमानाचे तिकीट काढल्याबरोबरच अर्ज करा. मोठ्यांचे तिकीट ३,३०० येन आहे. आणि शक्य असेल तर एकट्याने जाऊ नका.